आबा त्या दिवशी आले नव्हते

पाली, १८ जून २०२४

पारू,

वर काय लिहावं यातच अर्धा तास गेला, म्हणून नुसतं तुझं नाव लिहिलं. गुंजवण्याच्या शाळेत सातवीपर्यंत आपण एका बाकावर बसलो. तुझ्या लग्नात तुझ्या हातावर मेंदी मी काढली. मी पालीत नांदायला आले आणि तू पालीच्या वरच्या धनगरवस्तीवर, तेव्हा माझी आई म्हणाली होती, या दोघी एकमेकींना सोडायच्या नाहीत. आता दहा महिने झाले, तुझा फोन लागत नाही. जावेच्या मोबाईलवरून एकदा लागला. तू हॅलो म्हणालीस, मी पारू म्हणाले, आणि तू ठेवून दिलास.

पत्ता कुमारनं दिला, नसरापूरला त्याचं बियाण्याचं दुकान आहे ना, तो. म्हणाला, गोरखभाऊ शिरवळला कंपनीत लागलेत, जवळच खोली घेतलीय, आबापण तिथंच असतात. तुझे सासरे चार भिंतींत! जन्म शेळ्यांमागं गेला त्या माणसाचा. दिवसभर काय करत असतील?

मी बरी आहे. आमचे हेही बरे आहेत. टेम्पो चालू आहे. भैरवनाथाच्या यात्रेच्या पंचात यंदाही गावानं यांनाच घेतलंय.

तुमच्या शेळ्यांचं फार वाईट झालं. मी भेटायला वर आले होते, पण घर माणसांनी भरलेलं, नीट बोलता आलं नाही. अकरा शेळ्या एका दुपारी, त्यातल्या चार गाभण. आबांना डुलकी लागली, शेळ्या ओढ्याकाठच्या घाणेरीत शिरल्या आणि तो विषारी पाला खाऊन गेल्या, असंच सगळे अजून म्हणतात. म्हाताऱ्या माणसाला किती बोलायचं? होतं एखाद्याच्या हातून.

बाकी सांगण्यासारखं म्हणजे बाग. घरामागची आंब्याची बावीस कलमं आठवतात का? झाडं अजून लहान आहेत, मध्ये भुई मोकळी, मग पावसाळ्यात गाजरगवत कमरेला लागतं. खाली हरळी, लव्हाळा. खुरपून घरात येईस्तोवर मागं परत उगवलेलं. फवारणी मी बंद केलीय. यंदा ठरवलंय, भुई उघडी ठेवायचीच नाही. जमिनीलगत पसरणारं काहीतरी दाट लावायचं, म्हणजे तणाच्या बियाला ऊनच मिळत नाही. गेल्या वर्षीही लावलं होतं, ते टिकलं नाही.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. पण दे. आबांना माझा नमस्कार सांग.

नूतन

पाली, ९ जुलै २०२४

पारू,

आबा परत आलेत. तूच एसटीत बसवून दिलंस म्हणाले. "खोलीत जीव घुसमटतू," एवढंच सांगितलं. वस्तीवर तुमच्या घरात एकटेच राहतात. शेजारच्या रतनबाई भाकरी देतात.

मी त्यांना बघितलं ते देवळापाशी. वस्तीवरच्या धनाजीची शेरडं रस्त्यानं चालली होती. आबा उठले आणि देवळाच्या मागं जाऊन भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. शेळ्या पुढं गेल्यावर बाहेर आले. हातात काठीसुद्धा नव्हती. आबांना बिनकाठीचं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, "आबा, बागेत या. मला मदत करा."

"माज्यानं काय व्हनार?"

"बसून सांगा तरी."

दुसऱ्या दिवशी आले. आता रोज येतात. आम्ही आधी सगळी बाग खणून हरळीच्या मुळ्या वेचल्या. आबा उकिडवे बसून बोटाबोटाएवढी मुळी उचलतात. म्हणाले, "येक कांडं ऱ्हायलं तरी ती परत येती." मग वीतभर अंतरानं रताळ्याचे वेल टोचले. नसरापूरच्या नर्सरीतून पिवळ्या फुलांचा भुईमूग आणला, शोभेचा, त्याला शेंगा धरत नाहीत, नुसता गालिच्यासारखा पसरतो. नळाच्या ओलीला ब्राह्मी, कडेनं सगळीकडं पानओवा, कारण त्याच्या वासानं जनावर तोंड लावत नाही. झाडाच्या बुंध्याभोवती हातभर जागा मोकळी सोडली, नाहीतर साल कुजते. पहिले दोन महिने हातानंच खुरपायचं, एकदा वेल एकमेकांना भिडले की मग तणाला जागा उरत नाही, असं नर्सरीवाला सांगतो. लव्हाळा मात्र त्यातूनही वर येतो.

पानओव्याचं लिहिलं आणि हात थांबला. गेल्या वर्षीची लागवड का टिकली नाही, ते तुला सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी मी चवळी आणि रताळी लावली होती. दीड महिना पाठ मोडून खुरपलं. चांगली पसरली होती. आणि एका दुपारी तुमच्या शेळ्या आल्या, तासाभरात सगळं फस्त. तुला काही बोलले नाही. आबांनाही नाही. त्यांनी हात जोडले, मी म्हटलं असू द्या आबा. पण घरात यांच्यावर ओरडले. आठ दिवसांत त्या उघड्या भुईवर गाजरगवत गुडघ्याला लागलं. मी म्हटलं, मरू दे ते वेलबिल, मला काही नको, आणा औषध आणि मारा.

शेळ्या खाणारच. त्यांचा काय दोष! एवढंच सांगायचं होतं.

आबांचं धोतर धुऊन दिलंय. जेवतात थोडं. तू काळजी करू नकोस.

नूतन

पाली, ४ ऑगस्ट २०२४

पारू,

दोन पत्रं गेली, उत्तर नाही. हे म्हणतात, कशाला लिहितेस? मी यांना सांगत नाही काय लिहिते.

बागेत रोज बसल्यामुळं आबा थोडं बोलायला लागलेत. पण एकच बोलणं. हातात खुरपं धरून मध्येच थांबतात आणि म्हणतात, "अकरा जीव व्हते. माज्या डोळ्यादेखत न्हाई, माज्या झोपंत गेलं." मी विषय बदलते. परवा बदलता आला नाही. म्हणून हे पत्र.

पारू, शेळ्या घाणेरीनं मेल्या नाहीत.

त्या सोमवारी चार दिवसांची उघडीप होती. यांनी सकाळी बागेत तणनाशक मारलं. गवत लवकर जळावं म्हणून पाण्यात मीठ आणि युरिया टाकला, सगळे टाकतात. अर्धं औषध उरलं. ते मागच्या नळापाशी टबात तसंच ठेवून हे टेम्पो घेऊन नसरापूरला गेले. म्हणाले, संध्याकाळी राहिलेलं मारतो. टबावर झाकण नव्हतं. शेळ्यांना मीठ किती आवडतं ते तुला मी काय सांगू? त्या ते पाणी प्यायल्या.

मला संध्याकाळी टब रिकामा दिसला तेव्हा कळलं. तोवर ओढ्याकाठी शेळ्या पडल्याचा आरडाओरडा गावात आलाच होता.

मी धावत आले तेव्हा डॉक्टर आलेले होते. पोटं फुगलेली, तोंडाला फेस, काही पाय झाडत होत्या. डॉक्टरांनी विचारलं, "आसपास कुणी फवारणी केलीय का?" आठवतंय ना? गोरखभाऊंनी मान हलवली, त्यांना कुठलं माहीत असणार. माझ्या शेजारी हे उभे होते. मी यांच्याकडं बघितलं. हे जमिनीकडं बघत होते. कुणीतरी म्हणालं, तिथं सगळी घाणेरीच आहे. डॉक्टर म्हणाले, असेल. मग त्यांच्या हातात करण्यासारखं फार नव्हतं.

गेल्या महिन्यात मी वेल्ह्याला गेले होते. तिथल्या जनावरांच्या दवाखान्यात माहेरच्या गाईचं खोटं नाव घेऊन विचारलं, युरियाचं पाणी प्यायलं तर काय करायचं? ते म्हणाले, लगेच कळलं तर गार पाणी आणि व्हिनेगर पाजायचं, पुष्कळदा वाचतं जनावर. लगेच कळलं तर.

मी त्या दिवशीच यांना म्हटलं होतं, सांगून टाकू. हे म्हणाले, "पंचात बसतू मी. आन् सांगून काय, मेल्याली शेरडं उठनार हायती व्हय?" तुला यांचा राग येणार. हे वाईट नाहीत, पारू. तुझ्या बाळंतपणात रस्ता वाहून गेला होता तेव्हा यांनीच टेम्पो ओढ्यातून घातला होता. पण या एका बाबतीत यांना धीर झाला नाही. मलाही नाही.

गोरखभाऊंना दाखवायचं का हे पत्र, ते तू ठरव. आबांना मी सांगेन म्हणते. अजून जमलं नाही.

नूतन

पाली, २५ ऑगस्ट २०२४

पारू,

मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. टब संध्याकाळी बघितला असं लिहिलं. ते खोटं आहे. आता लिहिते ते एका दमात लिहिते, मध्ये थांबले तर परत काहीतरी झाकेन.

त्या दुपारी आबा आमच्याकडं आले होते. एक वाजला असेल. उन्हातून आले म्हणून मी पुढच्या ओट्यावर बसवलं आणि चहा टाकला. आलं घालून. ते चहा पीत होते आणि मागं घंट्या वाजल्या. शेळ्या बागेत गेल्यात हे मला कळलं. मी उठले नाही. मनात म्हटलं, आता खायला काय ठेवलंय तुम्हाला, जा, फिरा. राग होता माझ्या मनात रताळ्याचा. आबांचा चहा पिऊन होईपर्यंत मी बसून राहिले. मग टब आठवला.

धावले. टबाच्या तळाला बोटभर पाणी उरलं होतं. मी शेळ्या हाकलल्या, टब पालथा केला, नळाखाली धुतला. तुझी ती कानावर पांढरा ठिपका असलेली शेळी माझा हात चाटत होती.

पुढं आले तर आबांनी विचारलं, "काय गं?" मी म्हटलं, "काही नाही, मोगऱ्याला तोंड लावत होत्या." ते बिचारे शरमले. "चुकलं पोरी," म्हणाले, आणि शेळ्या घेऊन ओढ्याच्या वाटेला लागले. तेव्हा बोलले असते, आबा, धावा, डॉक्टरांना फोन करा, तर? मला वाटलं थोडंसंच प्यायल्यात, काही होणार नाही. तसं वाटून घेतलं.

आता पुढचं.

शेळ्या मेल्यावर गोरखभाऊ आबांना म्हणाले, घाणेरीत कशाला नेल्या? आबा म्हणाले, मी नेल्या नाहीत, मी झोपलो नाही, मी नूतनकडं चहा पीत होतो. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी गोरखभाऊ माझ्या दारात आले. तू त्यांच्या मागं उभी होतीस, डोक्यावर पदर, डोळे सुजलेले. त्यांनी विचारलं, "वहिनी, आबा काल तुमच्याकडं आले व्हते का?"

आले होते म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न बागेचा आला असता.

मी म्हटलं, "नाही. काल नाही आले."

तू माझ्याकडं बघितलंस, पारू. तुला त्या वेळी काय वाटलं ते मी वर्षभर विचारतेय मनात. तू मला मानत होतीस. म्हणून तू गोरखभाऊंना म्हणालीस, "चला, नूतन कशाला खोटं बोलंल?"

त्यानंतर तुमच्या घरात काय झालं ते मला रतनबाईंनी सांगितलं. गोरखभाऊ बापाला म्हणाले, वर खोटंही बोलता. आबा आठ दिवस सांगत होते, चहा प्यालो, आलं घातलेला होता. मग सांगायचे थांबले. उरलेल्या शेळ्या दिल्या, तुम्ही शिरवळला गेलात.

हे सगळं आज लिहायचं कारण आबा. सकाळी आम्ही पानओव्याच्या कडेला बसलो होतो. ते आपणहून म्हणाले, "नूतन, तुला गंमत सांगू? त्या दिशी मला असं सपान पडलं, की म्या तुज्या ओट्यावर बसून चा पितूय. झोपंतच. आन् म्या खुळा, ते खरंच धरून बसलू. भांडलू पोराशी. तू सांगितलंस म्हनून कळलं."

पारू, मी खुरपं तिथंच टाकलं. आत जाऊन मोरीत बसले.

मी त्या माणसाकडून त्याच्या शेळ्या तर घेतल्याच, त्याचं स्वतःचं डोकंही घेतलं. हे आता कसं परत देऊ? तुम्ही दोघं या. मी सगळ्यांसमोर सांगते. गोरखभाऊंनी मारलं तरी चालेल.

नूतन

पाली, १७ सप्टेंबर २०२४

पारू,

परवा, रविवारी, तुम्ही दहाच्या एसटीनं उतरलात ते मी दारातून बघितलं. माझ्या घराकडं मान न वळवता तुम्ही वर गेलात. जे घडलं ते तुझ्यासमोरच घडलं, तरी लिहिते, कारण तिथं मला धड बोलता आलं नाही.

मी निघाले तेव्हा हे खाटेवर बसले होते. मी म्हटलं, जाते. वस्तीच्या चढाला लागले तेव्हा मागून चपला वाजल्या. हे येत होते. यांनी टोपी हातात धरली होती.

अंगणात रतनबाई होत्या, धनाजी होता. आबा उंबऱ्याशी बसलेले, मुलगा-सून आल्यामुळं खुशीत. मी उभ्या उभ्या सांगितलं. टब, चहा, मोगरा, सकाळी दारात बोललेलं खोटं. माझं सांगून होताच हे म्हणाले, "युरिया म्या टाकला व्हता. टब म्या उघडा ठेवला." आणि परत खाली बघायला लागले.

मला वाटलं होतं गोरखभाऊ अंगावर येतील. ते आले नाहीत. ते आबांसमोर गुडघ्यावर बसले. इतका मोठा माणूस, मिशी पांढरी व्हायला आलेली, आणि बापाचे पाय धरले.

"आबा, ऐकलं का? तुमी झोपला न्हवता. तुमी खरं बोलत व्हता. म्याच चुकलो."

आबांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "झोपलो व्हतो रं. किती येळा सांगू? झालं ते झालं."

"न्हाई आबा, ही बघा, नूतनच सांगतीया. तिच्याकडंच चा पीत व्हता तुमी."

आबा माझ्याकडं बघून हसले. तुला ते हसणं दिसलं ना? "लई मायेची पोर हाय," म्हणाले. "म्हाताऱ्याच्या माथ्यावरचं आपल्या माथ्यावर घेतीया. तिनं तवाच खरं सांगितलं व्हतं, आबा आलं न्हवतं म्हनून. नूतन खोटं बोलायची न्हाई, एवढं मला ठावं हाय."

मी ओरडले, पारू. मी आबांचा हात धरून म्हटलं, आबा, मी खोटं बोलले होते, मी. ते माझ्याच पाठीवरून हात फिरवायला लागले. "रडू नगं. म्या काय मनात ठेवलं न्हाई. ज्याची चूक त्येनं मान्य करावी."

गोरखभाऊ उठून रिकाम्या वाड्याच्या मागं गेले. शेळ्यांचा तो वाडा अजून तसाच आहे, गव्हाणी पालथ्या. तिथून त्यांचा आवाज येत होता. बाप्याला असं रडताना मी ऐकलं नव्हतं.

तू चुलीपाशी होतीस. मी तुझ्याजवळ आले. तू माझ्याकडं न बघता म्हणालीस, "तू मला लिवून मोकळी झालीस. आता म्या कुनाला लिवू? त्यांना खोटं पाडायला म्याच म्हनले व्हते, नूतन कशाला खोटं बोलंल म्हनून."

मी उतरून आले.

नूतन

पाली, २४ नोव्हेंबर २०२४

पारू,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. तू वस्तीवरच राहिलीस, गोरखभाऊ सुट्टीला येतात, आणि माझ्या घरापासून तुझं घर चढाच्या एका दमावर आहे. तरी तुझ्यासमोर उभं राहिलं की तू आत जातेस, म्हणून रतनबाईंकडं ठेवते. तू वाचतेस हे त्यांनी सांगितलं. फाडत नाहीस, एवढंही पुरे.

मी देवळात पंचांपुढंही सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. एक म्हणाला, "जुनं कशाला उकरता वहिनी, मिटलं की." दुसऱ्यानं यांना तंबाखू दिली. कुणी शिव्या दिल्या नाहीत, कुणी बोट दाखवलं नाही. म्हाताऱ्याला वर्षभर नावं ठेवणारी हीच माणसं. यांनी पंचातून आपणहून नाव काढून घेतलं, तेव्हा सगळे यांचीच समजूत काढत होते.

बाग मात्र दाट झालीय. वेल एकमेकांत असे गुंतलेत की माती दिसत नाही. गाजरगवत शोधावं लागतं. कडेच्या पानओव्यात तेवढी हरळी शिरलीय, ती दर आठवड्याला काढते. वेल्ह्याहून शेतीचे साहेब आले, फोटो काढून गेले. मग बचत गटाच्या बायका बघायला आल्या, तीसेक असतील. मला म्हणाल्या, सांगा कसं केलंत. मी वेलांचं सांगितलं, अंतर, बुंध्याची जागा, सगळं. मग म्हटलं, आता मी फवारणी का सोडली ते सांगते, आणि सगळं सांगितलं. आबांचं नाव घेऊन सांगितलं. त्या ऐकत होत्या, एकीनं डोळेही पुसले. मग मागून एकीनं विचारलं, "ताई, त्या पिवळ्या फुलाच्या काड्या आमाला मिळतील का?" मी दिल्या. दुसरं काय करणार?

आबा आता बागेत येत नाहीत. चढ-उतार झेपत नाही, म्हणून मीच दुपारची वर जाते. तू भाताच्या कापणीला गेलेली असतेस तेव्हा. रतनबाईंना विचारून जाते, चोरून नाही. रोज आबांना सांगते, तुम्ही झोपला नव्हता. नवीन नवीन तऱ्हेनं सांगून बघितलं. शपथेवर सांगितलं, भैरवनाथाच्या अंगाऱ्यावर हात ठेवून सांगितलं. यांना घेऊन गेले, यांनी सांगितलं. आबा सगळं ऐकून घेतात, हं हं म्हणतात, आणि शेवटी मलाच विचारतात, जेवलीस का?

एक गोष्ट तुला माहीत नसावी, कारण तू दुपारची घरी नसतेस. म्हणून लिहिते. तू चिडशील, पण तुला कळलेलं बरं.

जेवण झालं की आबा आत अंथरुणावर टेकत नाहीत. अंगणात त्या दगडावर ताठ बसतात, शेजारी पाण्याचा तांब्या. डोळा जड व्हायला लागला की ओंजळीत पाणी घेऊन डोळ्यांना लावतात. परत जड झाला की परत. गार पाण्यानं अंग शहारतं, तरी लावतात. काल मी म्हटलं, आबा, पडा की थोडं, आता कशाला जागता?

ते म्हणाले, "न्हाई पोरी. येकदा झोपलू तेवढं बास."

ऊन कलेपर्यंत ते तसे बसून होते. मी समोर बसले होते. अंगणात राखायला एकही शेळी नव्हती.

नूतन